पुस्तकातून पडद्यावर : चिमणरावांची गोष्ट

(कथा-कादंबऱ्यांवरून तयार झालेल्या मालिका आपण दूरदर्शनच्या पडद्यावर आवडीने पाहतो. पुस्तकात शब्द असतात, पडद्यावर चित्रे असतात. मग शब्दांची चित्रे होतात कशी? ती होताना काय बदलते आणि काय टिकते? मराठीतल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेच्या उदाहरणाने हे या पाठात सांगितले आहे.)

एखादी मालिका सुरू होते. आधी संगीत वाजते, मग नावे दिसू लागतात. त्या नावांमध्ये कधी कधी एक लहानशी ओळ असते : ‘अमुक लेखकाच्या कादंबरीवर आधारित’. आपण ती ओळ फारशी लक्ष देऊन वाचत नाही. आपले लक्ष नायक-नायिकेकडे असते. पण त्या एका ओळीमागे पुष्कळ काम दडलेले असते.

उर्दू वाचणाऱ्यांना अशा मालिका नव्या नाहीत. अझीम बेग चुगताई हे उर्दूतले नामवंत विनोदी लेखक. त्यांच्या ‘शहज़ोरी’ या कादंबरीवरून हसीना मोईन या लेखिकेने १९७०च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनसाठी त्याच नावाची मालिका लिहिली. प्रेम, लग्न आणि घरातले रुसवेफुगवे हसतखेळत सांगणारी ती मालिका होती. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर मराठीतली अशीच एक हसरी मालिका सुरू झाली. तिचे नाव ‘चिमणराव’. लग्न, संसार, पाहुणे, पैशांची ओढाताण हेच तिचेही विषय होते.

‘चिमणराव’ मालिकेचा आधार होता चिं. वि. जोशी यांची पुस्तके. चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ साली पुण्यात झाला. ते पाली भाषेचे विद्वान होते आणि बडोद्याला त्यांनी अनेक वर्षे पालीचे अध्यापन केले. एकीकडे ते बौद्ध ग्रंथांचा गंभीर अभ्यास करीत आणि दुसरीकडे महाराष्ट्राला पोट धरून हसवीत. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पुस्तकांची नावेही गमतीची आहेत. एका पुस्तकाचे नाव आहे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’. उसाचा रस काढून गूळ तयार करतात त्या जागेला गुऱ्हाळ म्हणतात. पण उसाच्या जागी एरंडाच्या काठ्या पिळल्या तर रस कुठून निघणार? म्हणून ज्या लांबलचक बोलण्यातून काहीच निष्पन्न होत नाही, त्याला मराठीत ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतात. दुसऱ्या पुस्तकाचे नाव ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. चऱ्हाट म्हणजे लांब दोरी. दोरी वळत जावी तसे जे बोलणे संपतच नाही, तेही चऱ्हाटच. म्हणजे लेखक आधीच सांगून टाकतो, ‘बाबांनो, यात शहाणपणाचे काही शोधू नका.’ अर्थात ते खरे नसते. शोधणाऱ्याला त्यात खूप काही सापडते.

हे चिमणराव कोण? ते पुण्यातले एक साधे कारकून. अंगाने किरकोळ, मनाने भित्रे, पण स्वतःला बरेच हुशार समजणारे. त्यांच्या घरातली नावे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. चिमणरावांच्या नावात चिमणी आहे. पत्नीचे नाव कावेरी, पण तिला म्हणतात काऊ. लहान मुले कावळ्याला ‘काऊ’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. मुलांची नावे मोरू, मैना आणि राघू. म्हणजे सगळे घर पाखरांनी भरलेले! आणि या पाखरांचा रखवालदार म्हणजे चिमणरावांचा दणकट भाऊबंद गुंड्याभाऊ. तो व्यायामाने शरीर कमावलेला, हातात सोटा बाळगणारा, अविवाहित गृहस्थ. चिमणराव विचार करीत बसतात. गुंड्याभाऊ विचार न करता कामाला लागतो. दोघांचाही शेवट बहुतेक वेळा फजितीतच होतो.

तुम्ही उर्दूत इम्तियाज़ अली ‘ताज’ यांच्या चचा छक्कनच्या गोष्टी वाचल्या असतील. भिंतीवर एक तसबीर टांगायची, तर चचा सारे घर कामाला लावतात. चिमणराव आणि चचा छक्कन हे एकाच गल्लीत शोभतील असे शेजारी आहेत. पण दोघांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. चचांची फजिती आपल्याला दुसरे कोणीतरी सांगते. चिमणराव मात्र आपली फजिती स्वतःच सांगतात. पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलणारे तेच आहेत. आणि गंमत अशी, की आपली फजिती झाली आहे हे पुष्कळदा त्यांच्या लक्षातच येत नाही. ते वाचकाच्या लक्षात येते.

हा फरक नीट समजून घेऊ, कारण पुस्तकाची मालिका करताना सर्वांत मोठी अडचण इथेच येते. त्यासाठी आपल्या शहरातला एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एक गृहस्थ आपली हकीकत सांगत आहेत :

‘भाव करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. परवा शहागंजात एका दुकानदाराने हिमरू शालीचे नऊशे रुपये सांगितले. मी एक शब्दही न बोलता दुकानाची पायरी उतरलो. दुकानदार घाबरला. त्याने मला परत बोलावले, चहा पाजला आणि शेवटी ती शाल आठशे नव्वद रुपयांना दिली. माझ्यासारखे गिऱ्हाईक आपण आयुष्यात पाहिले नाही, असेही तो म्हणाला. आमच्या शेजारीणबाईंना बिचाऱ्यांना भाव करता येत नाही. त्यांनी तशीच शाल पहिल्या दुकानात शिरून, सांगितलेल्या भावाला, सहाशे रुपयांत घेतली.’

हे वाचताना तुम्हांला हसू आले असेल. का आले? कारण गृहस्थ सांगतात एक आणि तुम्हांला कळते दुसरेच. ते म्हणतात, ‘मी जिंकलो.’ तुम्ही म्हणता, ‘फसलात की हो!’ ही गंमत ‘मी’ या शब्दात आहे. सांगणाऱ्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो आणि तरी त्याच्यापेक्षा जास्त पाहतो.

आता हाच प्रसंग पडद्यावर आणायचा आहे. कॅमेरा तर गृहस्थांच्या समोर उभा असतो. पुस्तकातला ‘मी’ पडद्यावर ‘तो’ होऊन जातो. त्याच्या मनातले बोल ऐकू येत नाहीत. मग ‘मी किती हुशार!’ हे दाखवायचे कसे?

इथे पटकथा लिहिणारा लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची कसोटी लागते. पटकथा म्हणजे प्रसंगामागून प्रसंग मांडून, पडद्यासाठी लिहिलेली कथा. आपल्या प्रसंगाची पटकथा अशी होऊ शकेल : गृहस्थ ताठ मानेने दुकानाची पायरी उतरतात. कॅमेरा दुकानदाराच्या चेहऱ्याकडे वळतो. तो घाबरलेला मुळीच नाही. तो नोकराला डोळ्याने खूण करतो आणि नोकर चहा आणायला निघतो. पुढे गृहस्थ मोठ्या दिमाखाने नोटा मोजतात. घरी येऊन ते शाल बायकोच्या हातात देतात. बायको काही बोलत नाही. ती खिडकीतून बाहेर पाहते. शेजारच्या गच्चीवर तशीच शाल वाळत घातलेली असते. ती एवढेच विचारते, ‘केवढ्याला?’

पाहा, पुस्तकात जे एका माणसाने सांगितले, ते पडद्यावर चार जणांत वाटले गेले. दुकानदाराचे हसू, नोकराची धावपळ, बायकोची नजर आणि वाळत घातलेली शाल, सगळ्यांनी मिळून ती गंमत सांगितली. शब्द कमी झाले, पण अर्थ हरवला नाही.

आता ‘चिमणराव’ मालिकेकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. देशात दिल्लीनंतरचे हे दुसरे केंद्र. त्या काळी चित्रे काळी-पांढरी दिसत. आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. वाहिनी एकच होती, तिचे कार्यक्रमही दिवसातले थोडेच तास चालत. घरोघरी संच नव्हते. ज्याच्या घरी संच असे, त्याच्या घरी संध्याकाळी सारी चाळ जमत असे.

अशा दिवसांत मुंबई केंद्राच्या निर्मात्या विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव दूरदर्शनवर आणले. मराठी दूरचित्रवाणीवरच्या सर्वांत आधीच्या मालिकांपैकी ही एक. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. तुम्ही ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा २००६ सालचा हिंदी चित्रपट पाहिला असेल, तर त्यात गांधीजींची भूमिका करणारे नट तुम्हांला आठवतील. तेच हे प्रभावळकर.

पुस्तक १९३०च्या दशकातले आणि मालिका १९७०च्या दशकातली. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत देश स्वतंत्र झाला होता, शहरे बदलली होती, माणसांचे पोशाख बदलले होते. तरी मालिकेतले चिमणराव जुन्याच काळातले ठेवले गेले. प्रेक्षकांना ते परके वाटले नाहीत. कारण लग्न जमवताना होणारी धांदल, न सांगता येणारे पाहुणे, साहेबाची भीती आणि महिनाअखेरची चणचण या गोष्टी काही पोशाखाबरोबर बदलत नाहीत.

आणि पुस्तकातल्या ‘मी’चे काय झाले? ते काम नटांच्या देहबोलीने केले. किरकोळ अंगाचे चिमणराव आणि त्यांच्या शेजारी आडदांड गुंड्याभाऊ असे दोघे एकत्र उभे राहिले, की कोणी काही बोलण्याआधीच हसू येई. चिमणराव मोठ्या आत्मविश्वासाने काहीतरी सांगत आहेत आणि त्यांचे डोळे मात्र भेदरलेले आहेत, हे पुस्तकात वाचकाला ओळखावे लागते. पडद्यावर ते चेहऱ्यावरच दिसते. ही जोडी इतकी लोकप्रिय झाली, की पुढे बाळ कर्वे यांना पुष्कळ लोक ‘गुंड्याभाऊ’ म्हणूनच ओळखू लागले. १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या नावाचा चित्रपटही निघाला.

या बदलात सर्वांत मोठा फायदा कोणाचा झाला असेल, तर तो काऊचा. पुस्तकात काऊ आपल्याला दिसते ती नवऱ्याच्या डोळ्यांनी. ती काय बोलली, हे चिमणराव सांगतील तेवढेच आपल्याला कळते. पडद्यावर मात्र ती त्याच खोलीत उभी असते. नवरा बढाई मारीत असताना ती हसते की कपाळाला हात लावते, हे आपण स्वतः पाहतो. जिची बाजू पुस्तकात अर्धीच लिहिलेली असते, तिला पडद्यावर स्वतःचा चेहरा मिळतो. म्हणून पुस्तकाचे रूपांतर करणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे. ते पुस्तक नव्या बाजूने वाचणे असते.

अर्थात चिमणराव पडद्यावर आले ते पहिल्यांदाच नव्हे. १९४० साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. त्याची कथा चिं. वि. जोशींचीच होती. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी मराठीत म्हण आहे. घर बांधणे आणि लग्न करणे ही दोन्ही कामे किती कठीण, हे ज्याने केली त्यालाच कळते, असा तिचा अर्थ. त्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे १९४० साली चित्रपट पाहिलेल्या आजोबांच्या मनात चिमणरावांचा एक चेहरा होता आणि दूरदर्शन पाहिलेल्या नातवाच्या मनात दुसरा. दोघांचे पुस्तक मात्र एकच!

गोष्टीची चित्रे करणे ही कला तशी फार जुनी आहे. ती पाहायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. या कथा पाली भाषेत आहेत, आणि चिं. वि. जोशी त्याच भाषेचे अध्यापक होते, हा एक सुंदर योगायोग. अजिंठ्याच्या चित्रकारांपुढेही हीच अडचण होती : गोष्ट पुढे सरकते, पण भिंत तर हलत नाही. मग त्यांनी काय केले? एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा काढला; इथे महालात, तिथे रथात, पलीकडे वनात. पाहणाऱ्याची नजर सरकत जाते आणि गोष्टही सरकत जाते. शब्दांचे जसेच्या तसे चित्र होत नाही, त्यासाठी नवी युक्ती शोधावी लागते, हे त्या चित्रकारांनी कितीतरी शतकांपूर्वी ओळखले होते.

अशी आणखी एक युक्ती पुढे दिलीप प्रभावळकरांनीच वापरली. ‘अनुदिनी’ हे त्यांचे पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. त्यावरून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. दिग्दर्शक होते केदार शिंदे, आणि आबा टिपरे या आजोबांची भूमिका स्वतः प्रभावळकरांनी केली. रोजनिशीतही ‘मी’ असतो. या मालिकेत तो ‘मी’ सोडून दिला नाही. घरातले माणूस रोजनिशी लिहू लागते आणि त्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येतो. म्हणजे घटना डोळ्यांनी पाहायची आणि मनातले कानांनी ऐकायचे. अडचण तीच, पण उत्तर निराळे.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती थोडी दुःखाची आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चित्रणाच्या टेप फार महाग होत्या. एक कार्यक्रम दाखवून झाला, की त्याच टेपवर पुष्कळदा दुसरा कार्यक्रम चित्रित करीत. जुने आपोआप पुसले जाई. त्यामुळे त्या काळातले बरेच चांगले कार्यक्रम आज पाहायला मिळत नाहीत. ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या आठवणीतच ते उरले आहेत.

पण चिमणरावांचे पुस्तक आहे. त्याला वीज लागत नाही, संच लागत नाही. एका प्रतीवर दुसरे पुस्तक छापले जात नाही. ग्रंथालयात जाऊन ते मागितले, तर चिमणराव आजही आपले चऱ्हाट वळायला तयार बसलेले असतात. मराठी तुमची घरची भाषा नसली, तरी भिऊ नका. विनोद कळला, की भाषा अर्धी आपलीशी झालीच म्हणून समजा. आधी एखादीच गोष्ट घ्या, मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर पुढे चला, मागाहून विचारा. वाचताना तुमच्या मनात चिमणरावांचा जो चेहरा उभा राहील, तो ना दामुअण्णांचा असेल, ना प्रभावळकरांचा. कदाचित तो तुमच्या मोहल्ल्यातल्या एखाद्या चचांचा असेल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘चिमणराव’ ही मालिका कोणत्या लेखकाच्या पुस्तकांवरून तयार झाली?
(आ) मुंबईचे दूरदर्शन केंद्र केव्हा सुरू झाले?
(इ) चिमणरावांच्या मुलांची नावे काय होती?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुस्तकातला ‘मी’ पडद्यावर ‘तो’ होतो, म्हणजे काय?
(आ) मालिकेमुळे काऊचा फायदा झाला, असे लेखक का म्हणतो?
(इ) अजिंठ्याच्या चित्रकारांनी गोष्ट पुढे नेण्यासाठी कोणती युक्ती केली?

३. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
एरंडाचे गुऱ्हाळ, चऱ्हाट वळणे, कपाळाला हात लावणे, हात न धरणे.

४. उपक्रम : चचा छक्कनची एखादी गोष्ट घ्या. तिच्यातल्या एका प्रसंगाचे मराठीत दहा संवाद लिहा आणि वर्गात सादर करा. जिथे शब्दांऐवजी नुसत्या नजरेने काम होईल, तिथे संवाद लिहू नका.